विदर्भातल्या खेड्यातली पोरं शेतीत का थांबत नाहीत? जोडधंद्यानं काही फरक पडतो का?

"पोट्ट्यायले कष्ट नको, मोबाईल पाहिजे" असं म्हणणारे आमच्या पानठेल्यावर पायलीचे पन्नास भेटतात, म्हणून लिहितोय. मी यवतमाळ जिल्ह्यातला, बीएस्सी ॲग्री करून गावातच राहिलो.

कष्टाचा प्रश्नच नाही हो. फवारणीचा पंप पोराच्याच पाठीवर असतो. पण सातबारा बाबांच्या नावावर, कापसाचे पैसे बाबांच्या खात्यात, पीएम किसानचे सहा हजारही तिकडंच, अन पोरानं पेट्रोलला शंभर मागितले की "कायले पाहिजे?" बिनपगारी अन बिनअधिकारी नोकरी कोण करेल?

2021-22 ला कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पुढच्या हंगामात दिवाळीनंतर आठ-नऊ हजार मिळत होते, मी म्हणत होतो अर्धा तरी विका. बाबा ऐकलेही असते, पण मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, ओसरीवर बसून, "बारा झाल्याबिगर बोंडही हलवू नको." समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, त्याला लागून माझी खाट. उन्हाळ्यात त्यातून बारीक किडे निघाले, अंगभर पुरळ, आई रात्री खोबरेल तेल लावून द्यायची. शेवटी पेरणीच्या तोंडावर बी-खताला पैसे पाहिजेत म्हणून सात हजाराच्या आसपास विकला, वजनातली घट वेगळीच. मोठेबाबा आजही म्हणतात सरकारनं भाव पाडला. पाडला असेल, पण दिवाळीत विकायला सरकारनं कुठं अडवलं होतं?

त्यानंतर मी आईच्या बचत गटातून कर्ज काढून बकऱ्या घेतल्या. "आपल्या घरात बकऱ्या?" असा तमाशा झाला. बकरी ईदच्या आधी व्यापारी आला, बोकडाचा ओठ वर करून दोन दात आलेत का पाहिलं, कण्यावर अंगठा दाबला, भाव बोलला. घासाघीस मी केली अन नोटा माझ्या हातात. जोडधंद्यानं पडतो तो फरक हाच. फक्त शेड बांधून सुरुवात करू नका, सगळा पैसा टिनात जातो. पीपीआर (बकऱ्यांचा प्लेग) अन पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेचा रोग) लस चुकवू नका. दुधाचं म्हणाल तर 2006 च्या पंतप्रधान पॅकेजात आमच्याकडं जर्सी गायी वाटल्या होत्या, चारा-पाण्याचा पत्ता नाही, सरकीची ढेप परवडेना, लोकांनी विकून टाकल्या. आधी चारा बघा.

अन बापांनो, निदान दोन एकर तरी पोराच्या नावावर करा. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) ठिबक-ट्रॅक्टरचा अर्ज करायला सातबारा स्वतःच्या नावाचा लागतो. सगळे हिस्सेदार राजी असले तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटणी होते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण आधी घरातले म्हातारे राजी व्हायला पाहिजेत ना.

हां, मुळात तीनच एकर कोरडवाहू असेल तर वाटण्यात काही अर्थ नाही, तिथलं पोरगं पुण्याला गेलं तर मी नाव ठेवणार नाही.

अन वाटणी करताना बहिणीला हक्कसोडवर सही करायला लावू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. मोठेबाबा ताईकडे कागद घेऊन गेले होते, तिनं चहा पाजून कागद तसाच परत दिला.