ताई, युनिव्हर्सिटी फुकट आहे तर मग हे बारा लाख कसले?

यावेळी परदेशी शिक्षणाची पत्रं इतकी आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊया. कॉलेजं सुरू व्हायची वेळ आली की दरवर्षी हेच होतं, आणि निम्मी पत्रं मुलांची नसून आईवडिलांची असतात. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मुलाला जर्मनीत स्टुटगार्टला मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय. तिकडे शिक्षण फुकट असतं असं सगळे म्हणाले म्हणून आम्ही हो म्हटलं. आता म्हणतो ब्लॉक्ड अकाउंटमधे बारा लाख टाकायचेत आणि वर फीपण आहे! हे रेल्वेत आहेत, दोन वर्षांनी रिटायर होतील. वन बीएचके आहे, त्याचं लोन फिटलंय. एफडी साधारण 14 लाखांच्या. दीर म्हणतात एफडी मोडा, कर्ज कशाला डोक्यावर घेता, माझा भाऊ म्हणतो घर गहाण टाका. मला रात्रीची झोप नाही. (एक आई, डोंबिवली पश्चिम)

उत्तर: वहिनी, आधी फीचं बघू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्या ट्युशन फी घेत नाहीत हे खरंच आहे, पण स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमधे 2017 पासून युरोपियन युनियनच्या बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. शिवाय दर सेमिस्टरला थोडी वर्गणीसारखी रक्कम असते, ती जर्मन मुलांनाही चुकत नाही. युरो शंभर रुपये धरला तर वर्षाला फीचेच तीन लाख.

आता ते बारा लाख. ही फी नाहीये, हे तुमच्याच मुलाचे जेवणाखाण्याचे आणि भाड्याचे पैसे आहेत, फक्त सरकारला आधी दाखवायचे असतात की हा मुलगा इथे येऊन उघड्यावर पडणार नाही. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे. तिकडे गेल्यावर दर महिन्याला 992 युरो त्याच्या खात्यात सुटतात, एकदम काढता येत नाहीत. म्हणजे हे पैसे बुडाले असं मनात आणू नका, पण ते वर्षभरात संपणार हेही तितकंच खरं. आणि दुसऱ्या वर्षी व्हिसा वाढवताना खर्चाची सोय परत दाखवावी लागते, तेव्हा नोकरीची कमाई थोडीफार कामाला येते. याशिवाय एपीएसचे (जर्मनीसाठी आपल्या मुलांचे शिक्षणाचे कागद तपासून देतात तो दाखला) 18,000 रुपये भरून झालेच असतील, व्हिसाची फी 75 युरो, विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे. पहिल्या वर्षाचे सोळा लाख धरून चाला.

आता दीर आणि भाऊ. दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. एफडी मोडायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे, दोन वर्षांनी पगार थांबणार आणि त्यानंतर दवाखाना निघाला तर तो मुलगा तिकडून काय करणार, शिकत असेल नाहीतर नोकरी शोधत असेल. शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर घ्या, तुमचे साहेब को-ॲप्लिकंट. साहेबांचा पगार चालू आहे तोवरच अर्ज करा, कारण रिटायरमेंट जवळ आली की बँकवाले चेहरा बदलतात, मी स्वतः लोन सेक्शनला बसलेय त्यामुळे माहितीये. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, त्याच्या वर मागतात. घर द्यायचं असेल तर मूळ ॲग्रीमेंट, आधीच्या मालकांपासूनच्या करारांची चेन, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) हे सगळं फाइलला लावून बघा. होम लोन फिटल्यावर मूळ कागद बँकेतून परत आणलेत ना? बरेच जण आणतच नाहीत! आणि ओसी... डोंबिवलीत ओसी नसलेल्या बिल्डिंगा थोड्या नाहीत, बँकेचा वकील तिथेच अडतो आणि मग व्हिसाची तारीख तोंडावर आलेली असते. तसं असेल तर घराच्या मागे लागूच नका, एफडी तारण ठेवा. एफडी मोडत नाही, तिचं व्याज चालू राहतं, फक्त कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क.

कर्ज वीस लाखांचं मंजूर झालं म्हणून वीस लाखांवर व्याज लागत नाही हे नीट समजून घ्या. लागेल तसं उचलायचं, जेवढं उचललं तेवढ्यावरच व्याज. समजा पहिल्या वर्षी 15 लाख उचलले आणि दर 10 टक्के आहे, तर महिन्याला साडेबारा हजार व्याज झालं. कोर्स चालू असताना आणि साधारण त्यापुढचं एक वर्ष ईएमआय मागत नाहीत, पण व्याज साचत राहतं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात जाऊन बसतं. साहेबांच्या पगारातून निदान हे साडेबारा हजार दर महिन्याला भरता आले तर भराच, पूर्ण नाही जमले तर सहा भरा, तेवढाच पोराच्या डोक्यावरचा भार हलका. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर या व्याजाला आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही, तेव्हा सीएला विचारून ठरवा. आणि पैसे बाहेर पाठवताना टीसीएस (बँक आधीच गोळा करते तो टॅक्स) कापतील म्हणून कुणी घाबरवलं तर एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत तो लागत नाही आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तर अजिबात नाही. घर विकायचं वगैरे मात्र कुणी सुचवलंच तर विषय बदला.

प्रश्न: ताई मी परळची, सध्या लंडनला एक वर्षाचं मास्टर्स करतेय. आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यात भाडं निघून हातात काही राहत नाही. ओळखीच्या एका रेस्टॉरंटमधे कॅशवर जास्तीचे तास देतायत, रूममेट म्हणते फूड डिलिव्हरीचं ॲप लाव, ते तर नोकरी नसतेच. बाबांकडे अजून पैसे मागायची लाज वाटते. काय करू?

उत्तर: दोन्ही नको गं. रागावत नाहीये, कारण तुझी अडचण खरी आहे, हिशोबच मांडून बघ ना. एप्रिल 2025 ला तिकडचं किमान वेतन तासाला 12.21 पाउंड झालं, म्हणजे 20 तासांचे आठवड्याला 244 पाउंड, महिन्याचे हजाराच्या थोडे वर, आणि लंडनमधे नुसती खोलीच त्यातला मोठा घास खाते. तरी पण ऐक.

डिलिव्हरी ॲपचं काम नोकरी नसते हे तुझी रूममेट बरोबर बोलतेय, आणि अडचण नेमकी तीच आहे. ते स्वतःचा धंदा केल्यासारखं धरतात आणि स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉयमेंटला परवानगीच नाही, एक तास केलं तरी नाही. कुणा दुसऱ्याच्या अकाउंटवर चालवलं तर आणखी वाईट. कॅशचं म्हणशील तर तास मोजले जाणार नाहीत असं मालक सांगतो, पण पगार बुडवला तर तू कुणाकडे जाणार? तक्रार करायला गेलीस तर आधी तुझाच व्हिसा बघतील, हे त्यालाही माहीत असतं, म्हणूनच तर तो तुला देतोय.

अजून एक, तुमच्यात फार जणांना हे उशिरा कळतं. आठवडा सोमवार ते रविवार असा धरतात, कुठलेही सात दिवस नाही. आणि उन्हाळ्यात लेक्चर नसतात म्हणून सुट्टी समजून फुल टाइम काम घेऊ नकोस, मास्टर्सवाल्यांचं तेव्हा डिझर्टेशन चालू असतं, त्यामुळे तो काळ सहसा टर्ममधेच धरला जातो आणि 20 तासांची मर्यादा तशीच राहते. तुझ्या युनिव्हर्सिटीकडून टर्मच्या तारखा लेखी घे.

खर्चाच्या बाजूने बघ. फुल टाइम स्टुडंटला काउन्सिल टॅक्स (तिकडची घरपट्टी) माफ असतो, घरमालक तुमच्याकडून वसूल करत असेल तर स्टुडंट असल्याचं सर्टिफिकेट दाखवा. 18 प्लस स्टुडंट ऑयस्टर, म्हणजे बस-ट्रेनचं स्टुडंट कार्ड, काढलंस का? त्यावर ट्रॅव्हलकार्ड 30 टक्के स्वस्त पडतं. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांकडे अडचणीतल्या मुलांसाठी हार्डशिप फंड असतो, परदेशी मुलांनाही काही ठिकाणी मिळतो, अर्ज करताना तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतात, ते लपवायचं नसतं. नोकरी शोधायची तर कॅम्पसवरच बघ, लायब्ररी, ओपन डेला मदत, परीक्षेला सुपरव्हिजन, ते लोक टर्म आणि तास दोन्ही सांभाळून देतात.

आणि बाबांना फोन कर. पैसे मागायला नाही, नुसतं खरं सांगायला. चाळीत वाढलेल्या माणसाला तंगीचं काय नवल वाटणार आहे, त्यांना वाईट वाटेल ते तू लपवलंस याचं.

प्रश्न: चेंबूरला राहतो, बाबा रिक्षा चालवतात. अमेरिकेला एमएस करायचंय, मार्क चांगले आहेत. कर्ज घ्यायची आमची ऐपत नाही. स्कॉलरशिप खरंच मिळतात की नुसती जाहिरातबाजी?

उत्तर: मिळतात रे, आणि तुला त्यासाठी मुंबईबाहेर जायलाच नको. जे. एन. टाटा एंडाउमेंट 1892 साली जमशेटजींनी सुरू केलं, ते देतात त्याला लोन स्कॉलरशिप म्हणतात, म्हणजे पैसे परत करायचे असतात पण बँकेपेक्षा खूपच सोप्या अटींवर. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटांचे स्कॉलर म्हणूनच. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन हे दोघंही मुंबईतलेच, त्यांचं कर्ज बिनव्याजी असतं. तिघांकडेही इंटरव्ह्यू होतो आणि तिथे मार्कांपेक्षा, हाच कोर्स का आणि पुढे काय करणार, यावर जास्त टोकरतात, तेव्हा तोंडपाठ उत्तरं नेऊ नकोस. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, त्या परत करायच्या नसतात, फीसकट राहण्याचा खर्चही देतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला यासाठी तहसीलदार ऑफिसच्या फेऱ्या आत्ताच सुरू कर. मुलं काय करतात, ॲडमिशनचं पत्र हातात आलं की मग स्कॉलरशिप शोधतात, तोवर खाजगी ट्रस्टच्या तारखा संपलेल्या असतात. डिसेंबरपासून रोज त्यांच्या साइट बघत राहायच्या.

एकच सावध करते. ‘स्कॉलरशिप मिळवून देतो, आधी प्रोसेसिंगचे पंचवीस हजार भरा’ असं म्हणणारा कुणी दादरच्या चकाचक ऑफिसात भेटला तर चहा पिऊन उठ.

प्रश्न: लेक पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललीय, बायकोने दोन बॅगा नुसत्या मसाल्यांनी आणि भाजणीने भरल्यात. अजून काय काय द्यावं? (एक बाबा, बोरिवली)

उत्तर: भाजणी जाऊ द्या हो, तीच पहिल्या पंधरा दिवसांत आधार असते. छोटा कुकर द्या, जास्तीची शिट्टी आणि रिंग त्याबरोबर. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॉरेक्स कार्डवर दीड-दोन हजार युरो ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे विमानातून उतरल्या उतरल्या मिळत नाहीत, आधी राहत्या पत्त्याची महापालिकेत नोंदणी, मग तिकडच्या बँकेत खातं, मग पहिला हप्ता, यात आठवडे जातात. आणि खोलीचं डिपॉझिट त्याच दिवसांत मागतात. नोंदणीची अपॉइंटमेंट इथूनच ऑनलाइन शोधायला सांगा. हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा आहे, सरकारी स्टुडंट इन्शुरन्सचे महिना सव्वाशे ते दीडशे युरो, हे त्या 992 मधूनच जातात हे हिशोबात धरा. टीव्ही-रेडिओची 18.36 युरोची फी घरटी एकच असते, शेअरिंगमधे राहणार असेल तर चौघींनी वेगळी भरायची नाही. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणायचं. प्लास्टिकच्या बाटल्या फेकायच्या नाहीत, दुकानातल्या मशीनमधे टाकल्या की एकेकीचे 25 सेंट परत येतात.

प्रश्न: कलिनाला युनिव्हर्सिटीजवळ आमची एक खोली आहे, केनियाची मुलगी भाड्याने मागतेय. मुलगी चांगली वाटते पण सोसायटीवाले कुरकुर करतात. शिवाय म्हणते घरून पैसे यायला कधीकधी उशीर होतो.

उत्तर: आपली मुलं बाहेर जातात तेव्हा कुणीतरी तिथे खोली देतंच ना, द्या तिला. सोसायटीला पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच दाखवा, कुरकुर बरीच कमी होते. लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायची कायद्याने जबाबदारी मालकाची आहे, तुमची, तिची नाही. भाड्याची तारीख 1 ऐवजी 10 लिहा, पैसे उशिरा येतात हे ती आधीच सांगतेय तर त्याचा उपयोग करून घ्या. तिच्याकडे ‘पार्ट टाइम नोकरी करून भाडं दे’ असं मात्र चुकूनही म्हणू नका, आपल्याकडच्या स्टुडंट व्हिसावर नोकरी चालत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी घ्या, आणि ती राहायला आली की 24 तासांच्या आत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस) साइटवर तिची नोंद करा, फॉर्म मालकानेच भरायचा असतो.