खोटे आहे हे कळत असूनही मालिकांमधील साचेबद्ध प्रतिमांचा परिणाम होतो का?

मालिकांतील स्त्री-पुरुषांच्या आणि निरनिराळ्या समाजांच्या ठरावीक प्रतिमा खऱ्या नाहीत हे समंजस प्रेक्षकाला ठाऊक असते, मग त्यांचा परिणाम होईलच कसा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते परिणाम होतो, आणि कथा काल्पनिक असल्याची जाणीव त्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही. एखादा प्रसंग आपल्याला न पटणे शक्य आहे; परंतु घरातले निर्णय कोण घेतो, रडणे कोणाला शोभते, परक्या समाजातला माणूस नेहमी नोकर किंवा गुन्हेगारच का असतो, या बाबी कथानकाच्या मागे वर्षानुवर्षे तशाच मांडलेल्या राहतात आणि त्यांवर शंका घ्यावी असे आपल्याला सुचतही नाही. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून याच साचत जाणाऱ्या परिणामाचा अभ्यास केला. पडद्यावर एखादा समूह दिसतच नसेल, तर तो समाजात नगण्य आहे असा समज रुजतो, हेही त्यांनी आवर्जून मांडले.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास फिजीमधला आहे. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. भरदार अंगकाठी हे तिथे आपल्या माणसांनी नीट काळजी घेतल्याचे लक्षण मानले जाई. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याच्या विकारांकडे कल असलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करण्याचा प्रकार पहिल्या पाहणीत एकाही मुलीने सांगितला नव्हता; दुसऱ्या वेळी तो ११.३ टक्के मुलींनी सांगितला. दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या आणि त्यांची संख्याही लहान होती, त्यामुळे सारा दोष टीव्हीवर टाकणे योग्य ठरणार नाही. तरीही पडद्यावरच्या परदेशी पात्रांसारखे बारीक दिसावे असे वाटते, हे अनेकींनी मुलाखतींत स्वतःहून सांगितले.

हा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. निकोल मार्टिन्स आणि क्रिस्टन हॅरिसन यांच्या २०१२ च्या अमेरिकेतील अभ्यासात अधिक टीव्ही पाहणाऱ्या गोऱ्या मुली, कृष्णवर्णीय मुली आणि कृष्णवर्णीय मुलगे यांचा आत्मसन्मान घटलेला दिसला, तर गोऱ्या मुलग्यांचा वाढलेला. नायकाची जागा कोणाला मिळते हे पाहिल्यास या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही.

माध्यमांचा प्रभाव इतरांवर पडतो, आपल्यावर नाही, असे बहुतेकांना वाटते. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी ही प्रवृत्ती १९८३ मध्येच मांडली होती, आणि आपल्या प्रश्नातही ती मला थोडी जाणवते.

पडद्यावरील प्रतिमा बदलल्या तर प्रेक्षकही बदलतात, हे मात्र मला फार आशादायक वाटते. ब्राझीलमध्ये ग्लोबो वाहिनीच्या मालिकांतील नायिकांना मुले अगदी कमी असत किंवा नसत. ती वाहिनी जिथे जिथे पोहोचली तिथे जन्मदर घटल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले. घरात मुले असतील तर टीव्ही बंद करण्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून पाहावे आणि तिथल्या तिथे बोलावे, असे मी सुचवेन: हे काम मुलीही करतात, किंवा या माणसाला इथे रडू येणे स्वाभाविक आहे, एवढे एक वाक्यही पुरते.