पोटगी देत नाही, मग मी मुलगा का भेटवू?

ती आली तेव्हा हातात प्लास्टिकची फाईल होती, आणि फाईलच्या सगळ्यात वर आदल्या दिवशी मिळालेली नोटीस. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, आता माझा मुलगा काढून घेतील का हो?"

(ही हकिगत लिहायला तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. तिला नाव देत नाही, नुसतं ताई म्हणते.)

आधी काय झालं होतं ते सांगते. ताई तीन वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहतेय, मुलगा सात वर्षांचा. फॅमिली कोर्टातून दोन ऑर्डर झालेल्या. एक पोटगीची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ची, तिचे आणि मुलाचे मिळून महिना 12 हजार, दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत. दुसरी कस्टडीची, मुलगा आईकडे, आणि महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 वडिलांकडे. सुरुवातीला काही महिने पैसे आले, मग बंद झाले ते बंदच. चार महिने तिने वाट बघितली, फोन केले, मेसेज टाकले, आणि एका शनिवारी ठरवलं की बास, पैसे नाहीत तर मुलगाही नाही. असे दहा महिने गेले. म्हणजे पोटगी थकून 14 महिने आणि बापलेकाची भेट बंद होऊन 10. आणि आता त्याने कोर्टात अर्ज दिलाय की आई मुद्दाम मुलाला भेटू देत नाही, सबब कस्टडी मला द्यावी.

तिचं म्हणणं एकच, आणि ते मी जवळजवळ दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकते. "त्याने ऑर्डर मोडली, मग मी का पाळायची?"

मला तिची चीड कळत होती. 14 महिने एकटीने घर ओढलंय तिने, शाळेची फी भरायला कोणाकोणापुढे हात पसरलेत, त्यात हा माणूस वर तिच्यावरच अर्ज करतो. पण मी तिला जे खरं आहे तेच आधी सांगितलं, की ताई, त्याने पोटगीची ऑर्डर मोडली आणि तुम्ही भेटीची मोडली, कोर्टाच्या डोळ्यात दोन्ही मोडणंच आहे. ती उठायलाच निघाली. "म्हणजे तुम्हीपण त्याच्याच बाजूने." मी म्हटलं, पाच मिनिटं बसा, मग हवं तर जा.

मी दोन कोरे कागद घेतले. एकावर लिहिलं पैसे, दुसऱ्यावर भेट. म्हटलं, पोटगी तुमचा आणि मुलाचा हक्क आहे, तो वसूल करायचे रस्ते वेगळे आहेत. भेट हा मुख्यतः मुलाचा हक्क आहे, तो त्याने तुमच्याकडे गहाण ठेवलेला नाही. ह्या कागदावरची थकबाकी त्या कागदावर वळती करता येत नाही, तुम्हाला नाही आणि त्यालाही नाही. म्हणजे त्यानेही "ती भेटू देत नाही म्हणून मी पैसे देत नाही" असं म्हटलं तर ते तितकंच चूक.

ती गप्प बसली बराच वेळ. मग हळूच म्हणाली, परवा मुलाने विचारलं, "आई, बाबांनी किती पैसे दिले की मी जाऊ शकतो?"

त्यानंतर तिला भेटीबद्दल मला फारसं समजावावं लागलं नाही.

आता पैशांचं. मी विचारलं वसुलीची दरखास्त टाकली का? म्हणाली म्हणजे काय, ऑर्डर तर झालीये ना? इथेच बहुतेक लोक अडकतात. आपल्याला वाटतं कोर्टाने हुकूम दिला म्हणजे आता कोर्टच बघेल, दर महिन्याला कोणीतरी तपासेल की पैसे आले का. असं काही नसतं हो. कोर्टाला कळतच नाही की पैसे थांबलेत, जोपर्यंत तुम्ही जाऊन सांगत नाही. ऑर्डर मिळवणं हे एक काम आणि ती अंमलात आणणं हे दुसरं काम, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

आणि त्या अर्जाला मुदत आहे, ही गोष्ट प्रत्येकीने कुठेतरी लिहून ठेवा. कलम 125 (1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम 144 झालंय) खाली वॉरंट काढून वसुली करायची तर ज्या दिवशी रक्कम देय झाली त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ताईचे 14 महिने थकलेले, म्हणजे पहिले दोन महिने ह्या रस्त्याने आत्ताच हातातून गेल्यासारखे, आणि पुढची 10 तारीख उलटली की तिसराही. मी हे सांगितलं तेव्हा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, त्या दिवशी 6 तारीख होती. दुसऱ्याच दिवशी ती वकिलांकडे गेली आणि 9 तारखेला अर्ज दाखल झाला. आधीचे वकील फोन उचलत नव्हते आणि नवीन करायला पैसे नाहीत ही तिची अडचण होती, तर तिला जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बायकांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही, कितीतरी जणींना हे माहितच नसतं. 15100 ही त्यांची हेल्पलाईन आहे.

अर्जासोबत तिने काय लावलं ते सांगते कारण ते कामाचं आहे. बँकेचं स्टेटमेंट, ज्यात आधीचे जमा झालेले पैसे दिसतात आणि मग दिसेनासे होतात. आणि एक साधा तक्ता, हाताने आखलेला, महिना, देय तारीख, आले किती, बाकी किती. आम्ही दोघींनी तो बसून केला. त्याचा पुढे फार उपयोग झाला, सांगते.

तिची पुढची भीती वेगळी होती. "त्याला जेलमध्ये टाकलं तर माझे पैसे गेलेच ना?" नाही. कायद्यात प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद ही पैसे काढून घेण्यासाठीचा दबाव आहे, पैशांच्या बदल्यात भोगलेली शिक्षा नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच कुलदीप कौरच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. आत जाऊन आला तरी रक्कम उभीच राहते. आणि खरं सांगायचं तर आपल्याला तो आत जायला नकोच असतो, कारण आत बसलेला माणूस कमवत नाही. तो नोकरीत असेल तर पगाराला हात घालणं जास्त उपयोगाचं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा ह्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पोटगीची ऑर्डर दिवाणी डिक्रीसारखीही (दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी) वसूल करता येते, म्हणजे पगार, मालमत्ता जप्त करून. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग सुरक्षित असतो, पोटगीच्या डिक्रीत मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. त्याच निकालात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज ह्याचं एफिडेविट द्यायचं बंधनकारक केलंय आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची असंही आहे. ज्यांची पोटगीची केस अजून चालू आहे त्यांनी ह्या दोन गोष्टी आपल्या वकिलांना आठवणीने विचाराव्यात.

आता तो मोठा प्रश्न, मुलगा काढून घेतील का. एका अर्जाने कोणी मूल उचलून नेत नाही. कोर्ट बघतं ते मुलाचं हित, आई चांगली का बाप चांगला ही स्पर्धा तिथे नसते. कोणीतरी ताईला सांगितलं होतं की पाच वर्षं झाली की मूल आपोआप बापाचं. साफ चूक. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, पाचनंतर बापाकडे जावं असं कुठेच नाही. आई कमवत नाही म्हणून कस्टडी जाते हेही तसंच, पैशाची सोय करायला तर पोटगी असते. पण, आणि हा पण मोठा आहे, कस्टडीची ऑर्डर कायमची दगडावर कोरलेली नसते, परिस्थिती बदलली तर बदलता येते, आणि एक पालक वर्षानुवर्षं मुलाला दुसऱ्यापासून तोडतोय असं दिसलं तर कोर्ट ते तिच्या किंवा त्याच्या विरोधात धरू शकतं. म्हणून मी तिला म्हटलं, पुढच्या तारखेची वाट बघू नका, येणाऱ्याच शनिवारी मुलाला पाठवा आणि तसा मेसेज आत्ता टाका.

इथे एक सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या बोलण्याचा कोणी भलता अर्थ काढेल. हे सगळं ताईच्या केसमध्ये लागू होतं कारण तिला पैशांचा राग होता, मुलाच्या जिवाची भीती नव्हती. भीती असेल, दारू, मारहाण, नको तसा स्पर्श, पळवून नेण्याची धमकी, तर मूल पाठवू नका, पण गप्पही बसू नका. त्याच दिवशी पोलिसात किंवा 1098 ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाईनवर कळवा आणि लगेच कोर्टात अर्ज करा की भेट थांबवा किंवा कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवा. कोर्टाला न सांगता स्वतःच भेट बंद केलेली बाई आणि भीतीपोटी दुसऱ्या दिवशी कोर्टात धावलेली बाई ह्यात फार फरक असतो.

शनिवारी तो आला. मुलाने बॅग आदल्या रात्रीच भरून ठेवली होती, त्यात दहा महिन्यांत काढलेली सगळी चित्रं, घडी न घालता, एका वहीत दाबून. ताई म्हणाली मी दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसले, पाच वाजेपर्यंत जेवले नाही. पाचला पाच कमी असताना बेल वाजली.

नवरा नंतर माझ्याकडेही आला, मी दोघांनाही बोलावलं होतं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "ती भेटू देत नव्हती म्हणून मी पैसे थांबवले." मी तो तक्ता पुढे ठेवला. पैसे आधी थांबले होते, भेट चार महिन्यांनी. त्याने बराच वेळ बघितलं. मग खरं बाहेर आलं, नोकरी बदलावी लागली, पगार कमी झाला, सांगायची लाज वाटली. मी म्हटलं दादा, पगार कमी झाला तर रक्कम कमी करून मागायचा अर्ज करता येतो, कायद्यात त्याला जागा आहे, पण स्वतःच्या मनाने बंद करता येत नाही, थकत गेलेला प्रत्येक महिना तुमच्याच डोक्यावर चढतो. त्याला हे कोणीच सांगितलं नव्हतं म्हणे. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, तरी माझं मत तेच आहे, लाज वाटली तर मेसेज करायचा, मुलाच्या शाळेची फी गिळायची नाही.

वसुलीच्या अर्जाची नोटीस गेल्यावर त्याने कोर्टात हप्ते बांधून घेतले. कस्टडीचा अर्ज त्याने मागे घेतला. आधीचे ते दोन महिने अजून आलेले नाहीत, त्याच्यासाठी वेगळा मार्ग धरायचा का हे तिचे वकील बघतायत.

आता दोघं घटस्फोटाचं बोलतायत. मधे त्याच्या एका नातेवाईकाने स्टॅम्प पेपर आणला होता, नोटरी करून टाकू, मोकळे व्हा म्हणून. असल्या कागदाने घटस्फोट होत नाही, काही समाजात रूढीने चालत आलेली पद्धत कोर्टात सिद्ध करता आली तर ते वेगळं, एरवी तो कागद घेऊन दुसरं लग्न केलं तर गुन्हा होतो. परस्पर संमतीचा रस्ता आहे, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 ब, किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, मग अर्ज आणि सहा महिन्यांचा थांबा. तो थांबा कोर्ट माफ करू शकतं असं 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, पण माफी मागितली की मिळतेच असं नाही.

त्याची अट होती की मुलाची पोटगी सोड, मग लगेच सही करतो. ताईने मला फोन केला, करू का? मी म्हटलं स्वतःच्या हक्काचं काय करायचं ते तुम्ही वकिलांशी बोलून ठरवा, पण मुलाचा हक्क मुलाचा आहे, तो तुमच्या सहीने सुटत नाही. मग दोघांना समोरासमोर बसवून अटींचा मसुदा करायला घेतला. तिसरा शनिवार सणाला आला तर काय, उन्हाळ्याची सुट्टी अर्धी कशी मोजायची, मुलगा आजारी असेल तर कोणी कोणाला किती वाजेपर्यंत कळवायचं, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, शाळेच्या ग्रुपमध्ये दोघांचे नंबर, पैसे कोणत्या खात्यात. सव्वा तास नुसता सुट्टीवर गेला. तो म्हणाला एवढं बारीक कशाला लिहायचं मॅडम, तर ताईच म्हणाली, लिहू दे, म्हणजे भांडायला जागा राहणार नाही. आठव्या कलमावर आहोत, पुढची बैठक बुधवारी आहे.