अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधलं ओसाड पडलेलं बुश स्टेडियम (बेसबॉलचं मैदान) पाडलं का? आता तिथे काय आहे?

पूर्ण पाडलेलं नाही. २०१३ पासून तिथे भाड्याचे फ्लॅट आहेत. दर्शनी भाग जुनाच ठेवलाय, तो सोळाव्या रस्त्यावरून दिसतो.

पण तुम्ही प्रश्नाखाली "मायनर लीगचं फालतू मैदान" असं लिहिलंय (मायनर लीग म्हणजे व्यावसायिक बेसबॉलमधल्या खालच्या पायरीच्या स्पर्धा), ते झोंबलं. हेच वाक्य मी आमच्या मेहुण्यांकडून पंधरा वर्षं ऐकतोय. १९३१ साली गावच्या इंडियानापोलिस इंडियन्स संघाचे मालक नॉर्म पेरी यांनी ते बांधलं आणि विमान अपघातात गेलेल्या भावाच्या आठवणीत पेरी स्टेडियम नाव दिलं. युद्धकाळात त्याचं व्हिक्टरी फील्ड झालं, १९६७ मध्ये गावचाच जुना खेळाडू डोनी बुश याचं नाव लागलं. रॉजर मॅरिस १९५६ मध्ये इंडियानापोलिसकडूनच खेळत होता. पुढे १९६१ मध्ये ६१ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारून त्याने बेब रूथ या नामवंत खेळाडूचा एका हंगामातला विक्रम मोडला. फालतू म्हणे!

मी १९९६ च्या मे महिन्यात पुण्याहून तिकडे गेलो. दुसऱ्याच शनिवारी मेहुणे सामन्याला घेऊन गेले. खेळ ओ का ठो कळला नाही. लक्षात राहिली ती मैदानाच्या टोकाची विटांची भिंत आणि तिच्यावर चढलेली हिरवीगार वेल. जुलैत संघ गावाच्या मध्यात नव्या मैदानावर गेला, जाताना व्हिक्टरी फील्ड हे नावही घेऊन गेला. जुन्या मैदानात माती टाकून काही काळ मोटारींच्या शर्यती भरवल्या. त्यानंतर नुसतं गवत.

२००९ च्या उन्हाळ्यात सरकारी योजना आली: पेट्रोल पिणारी जुनी गाडी द्या, नव्या गाडीवर साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर सूट घ्या. मी माझी मरून व्हॅन दिली. अशा गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते जाम होईपर्यंत चालू ठेवायचे, म्हणजे ती परत रस्त्यावर यायला नको. थंडीत मेहुण्यांबरोबर सोळाव्या रस्त्यावरून जाताना कुंपणाच्या फटीतून बघतो तर काय, अख्खं मैदान तसल्या मोडीतल्या गाड्यांनी भरलेलं! मागच्या काचेवर गणपतीचा स्टिकर असलेली व्हॅन मी दहा मिनिटं शोधली. मरून व्हॅन तीन दिसल्या, तिन्हींची तोंडं आमच्याकडे. मेहुणे म्हणाले, "यापेक्षा पाडून टाकलेलं बरं. सामना नाही तर मैदान कसलं?"

माझं म्हणणं, उभं राहिलं तरच पुढे काही होतं. पाडल्यावर फक्त फोटो उरतात. फ्लॅट झाले तेव्हा मुद्दाम त्यांना दाखवायला नेलं. मधल्या अंगणात डायमंडचा, म्हणजे बेसबॉलच्या मैदानातल्या मधल्या चौकोनाचा आकार राखलाय, तिथे उभं राहून त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि दाखवणाऱ्या बाईंना विचारलं, "पार्किंग किती गाड्यांचं?"

तुम्ही मैदान म्हणून बघायला जाणार असाल तर हिरमुसाल, हे खरं. ती वेलसुद्धा मला दिसली नाही. आणि जाणारच असाल तर आधी फोन करा, लोक राहतात तिथे.