किमोनंतरचा ताप

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६१) लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) असून दर तीन आठवड्यांनी आम्ही त्यांना किमोथेरपीसाठी सोलापूरहून पुण्याला नेतो. मागील किमोनंतर दहाव्या रात्री त्यांना १०१ ताप आला. पॅरासिटामॉलने तो उतरला, म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. हे योग्य झाले का? पेशी वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस द्यावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वडील त्या रात्री सुखरूप राहिले हे चांगलेच झाले, परंतु पुन्हा असे झाल्यास सकाळची वाट पाहू नये. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, आणि त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० पेक्षा खाली गेल्या असतील, तर पू, सूज यांसारखी संसर्गाची नेहमीची लक्षणे फारशी उमटतच नाहीत, कारण ती निर्माण करणाऱ्या पेशीच पुरेशा उरलेल्या नसतात. ताप ही अनेकदा एकमेव खूण असते. पॅरासिटामॉलने ती झाकली जाते, संसर्ग मात्र वाढत राहतो आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो.

म्हणून ताप एकदाही १०१ अंशांवर गेला, १००.४ वर तासभर टिकला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर लगेच रुग्णालय गाठावे. तेथे पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे, रक्ताच्या अहवालासाठी ते अडवू नये. अशा वेळी सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला निघणे धोक्याचे आहे. सोलापुरातलेच, अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आधी ठरवून ठेवावे, किमोची फाइल हाताशी असावी आणि दारातच ‘किमो चालू आहे, ताप आला आहे’ असे सांगावे. पुण्याच्या डॉक्टरांना फोन वाटेतून करता येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘ऊन लागले असेल’ म्हणून ताप मोजायचेच टाळले जाते, तेही नको.

पपईच्या पानांच्या रसाने किमोनंतर कमी झालेल्या पेशी वाढतात याला भक्कम पुरावा नाही, आणि कच्च्या रसातून जंतू पोटात जाण्याची भीती असते, म्हणून माझे उत्तर नाही असेच आहे. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असताना अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि कमरेतील इंजेक्शने टाळावीत. तोंड आले असेल, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी काही दिवस बाजूला ठेवून मऊ भात द्यावा व मीठ-खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन पुढील किमोनंतर द्यावे का, हे या तापाचा उल्लेख करून पुण्याच्या डॉक्टरांना अवश्य विचारा.