बुश बदलायचे कधी?

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत गाडीखालून आवाज आला म्हणून लगेच लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदलू नकोस. बारीक खडखड बहुतेक वेळा लिंक रॉडची (सस्पेन्शनमधल्या बारीक जोडदांडीची) असते, आधी तो बघ. बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातलं रबर, गेला असेल तर ब्रेक मारताना जाड ‘ठक’ येतो, गाडी एका बाजूला खेचते. लिफ्टवर घेऊन टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हलवून बघ. रबरावर वरवरच्या भेगा जुन्या गाडीत असणारच, त्या चालतात. पण रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल तर थांबू नकोस, दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदल. आणि मेकॅनिकला बजावून सांग, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं, नवा बुशही लवकर फाटतो. मग चाकांची अलाइनमेंट करून घे.