वाचकांचे प्रश्न : चित्रपटगृहात पाहावा की घरी?

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि महिन्यातून जेमतेम एकदा चित्रपटगृहात जाऊ शकतो. भव्य चित्रपट तेवढे मोठ्या पडद्यावर पाहायचे आणि बाकीचे घरी, असा नियम आम्ही ठरवला आहे. परंतु घरी पाहू म्हणून ठेवलेले चित्रपट बहुतेक वेळा अर्धवटच राहतात. आमचे काय चुकते?

उत्तर : आपला नियम पुष्कळ जण पाळतात, पण माझ्या मते तो अर्धाच बरोबर आहे. चित्रपट भव्य आहे की साधा यापेक्षा, तो घरी पाहिल्यास त्यातले नेमके काय हरवेल, हे आधी विचारावे. चित्र आणि ध्वनी यांची हानी उघड दिसते. पुष्कळसे चित्रपट २.३९ : १ (रुंदी : उंची) इतक्या रुंद चौकटीत चित्रित होतात आणि घरचा टीव्ही १६ : ९ प्रमाणाचा असतो, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन पडद्याच्या उंचीचा सुमारे पाव भाग वाया जातो. २०१२ पासून आलेल्या डॉल्बी ॲटमॉससारख्या ध्वनिरचनेत छतावरूनही येणारा आवाज टीव्हीच्या बारीक स्पीकरांतून मिळत नाही, हे तर सांगायलाच नको.

तथापि, चित्रपटगृहात आणखी एक गोष्ट असते आणि निवड करताना तीच विसरली जाते : तिथे चित्रपट थांबवता येत नाही. एखादे पात्र तीन मिनिटे खिडकीपाशी नुसते बसून आहे, असे दृश्य अंधारात, शेजारी अनोळखी माणसे गप्प बसलेली असताना आपण पाहतो आणि हळूहळू त्यात शिरतो. घरी मात्र त्याच दृश्याच्या विसाव्या सेकंदाला हात फोनकडे जातो. धडाक्याचा चित्रपट घरी लहान होतो, पण निदान पाहून तरी होतो. आपल्या अर्धवट राहिलेल्या चित्रपटांची यादी एकदा तपासून पाहा. त्यात संथ, कमी बोलणारे चित्रपटच अधिक निघतील, असा माझा अंदाज आहे. म्हणून महिन्याला एकच तिकीट काढायचे असेल, तर मी ते अशा चित्रपटासाठी काढीन. ज्यात संवादच सगळी कथा वाहून नेतात, ते कौटुंबिक वा न्यायालयीन नाट्य खुशाल घरी पाहावे. विनोदी आणि भयपटांचे थोडे निराळे आहे, कारण हसू आणि भीती दोन्ही गर्दीत संसर्गासारखी पसरतात.

वेळेचे गणितही याच बाजूचे आहे. मोठा चित्रपट अनेक आठवडे टिकतो, लहान चित्रपटाचे खेळ मात्र पहिल्याच आठवड्यानंतर गैरसोयीच्या वेळांवर ढकलले जातात किंवा बंद होतात. २०२० पूर्वी अनेक मोठ्या निर्मितीसंस्था चित्रपट घरी उपलब्ध करून देण्याआधी सुमारे ९० दिवस थांबत असत. पुढे ही मुदत पुष्कळ ठिकाणी ४५ दिवसांच्या आसपास आली. तेव्हा ज्या चित्रपटाला थांबता येते, त्याला थांबू द्यावे.

प्रश्न : एकाच चित्रपटाला एका संकेतस्थळावर ९२ टक्के आणि दुसऱ्यावर ६८ गुण दिसतात. यातले खरे कोणते मानावे?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरील टक्केवारी म्हणजे चित्रपटाला दिलेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचा कल अनुकूल होता, एवढेच ती सांगते. शंभरांपैकी ९२ जणांनी ‘ठीक आहे, पाहायला हरकत नाही’ असे लिहिले, तरी आकडा ९२ च येईल. मेटाक्रिटिक हे दुसरे संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी (काहींच्या मताला अधिक वजन देऊन) काढते, म्हणून तिथे तोच चित्रपट ६८ वर उतरतो. टक्के जास्त आणि सरासरी मध्यम असेल, तर चित्रपट कोणाला फारसा खटकलेला नाही, पण कोणी भारावूनही गेलेले नाही, असे समजावे. असा चित्रपट मी बिनदिक्कत घरासाठी राखून ठेवतो. याउलट समीक्षकांत उघड दोन तट पडले असतील, तर मला तिकीट काढावेसे वाटते. प्रेक्षकांच्या पहिल्या दोन दिवसांतील मतांवर फार विसंबू नये, कारण ती बहुधा आधीच बाजू ठरवून आलेल्यांची असतात. त्यापेक्षा एखाद्या समीक्षकाची आवड ओळखून ठेवावी. ती आपल्या नेमकी उलट असली, तरीही तिचा तितकाच उपयोग होतो.

प्रश्न : नवा टीव्ही घेतला, पण त्यावर चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. तो बिघडलेला आहे का?

उत्तर : नाही. चित्रपट सहसा सेकंदाला २४ चौकटी (स्थिर चित्रे) या वेगाने चित्रित होतो आणि टीव्ही त्या चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घालतो. खेळाच्या सामन्यांना ही सोय बरी वाटते, पण चित्रपटाची चाल तिने बिघडते. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करावा. अलीकडच्या काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो निवडला की हे काम आपोआप होते. खुर्चीही थोडी पुढे ओढावी : ५५ इंची पडद्यापासून सुमारे सात फूट अंतर पुरेसे आहे.